गोळ्यांच्या पाकिटापासून सुरुवात: माणसांच्या सवयी पाहून डिझाइन कसं करावं

तालुक्याच्या गावातल्या एका मेडिकलच्या काउंटरमागे मी तीन संध्याकाळी स्टूल टाकून बसलो होतो. दुसऱ्या संध्याकाळी एक आजी आल्या. बीपीची गोळी आणि साखरेची गोळी. मेडिकलवाल्या दादाने दोन्ही स्ट्रिपमधून कात्रीने दहा-दहा गोळ्या कापल्या, मागच्या चंदेरी बाजूवर पेनने एकीवर '१-०-०' (फक्त सकाळी एक) आणि दुसरीवर '१-०-१' (सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक) लिहिलं, खाकी पाकिटात टाकलं आणि विचारलं, "कळलं ना आजी?" आजी म्हणाल्या, "हो बाळा."

त्या पायरी उतरत होत्या तेव्हा मी मागोमाग गेलो. म्हटलं, "आजी, उद्या यातली कोणती कधी घेणार, मला जरा दाखवता का?" त्यांनी पाकीट उघडलं, दोन्ही तुकडे तळहातावर ठेवले. लिहिलेली बाजू खाली गेली होती. थोडा वेळ बघितलं आणि म्हणाल्या, "पांढरी सकाळी." दोन्ही गोळ्या पांढऱ्या होत्या.

मानसशास्त्र डिझाइनमध्ये कसं वापरायचं, सुरुवात कुठून करायची, असं नवी मुलंमुली विचारतात. मी त्यांना व्याख्या पाठ करायला सांगत नाही, या पाकिटाची गोष्ट सांगतो. ॲप असो, अर्ज असो, सोसायटीतला कचऱ्याचा डबा असो, पायऱ्या याच क्रमाने येतात. म्हणून हा लेखही त्या पाकिटाच्या मागेमागे जातो.

पायरी १: एक माणूस, एक जागा, एक कृती

"रुग्णांनी औषधं नीट घ्यावीत" एवढं मोठं उद्दिष्ट ठेवलं तर हाताला काही लागत नाही. त्यातून फार तर एक पोस्टर निघतं. कोण, कुठे, केव्हा आणि नेमकं काय करणार, हे एका वाक्यात लिहा. आमचं वाक्य असं होतं: साठीच्या पुढची, कमी वाचणारी बाई, स्वतःच्या घरी, सकाळच्या चहानंतर, दोन सारख्या दिसणाऱ्या गोळ्यांतली बरोबर गोळी काढते.

वाक्यात "जागरूक होणे", "समजून घेणे", "महत्त्व पटणे" अशी क्रियापदं आली की खोडा. कॅमेऱ्यात टिपता येईल अशीच कृती हवी. हे वाक्य कागदावर लिहून भिंतीला चिकटवा, कारण पुढे दहा वेळा वाट चुकणार आहात.

पायरी २: बघा, आणि विचारायचंच तर करून दाखवायला सांगा

नवखी माणसं पहिल्याच दिवशी प्रश्नावली काढतात. त्याआधी निदान दोन-तीन वेळा, गर्दीच्या वेळी, नुसतं बसा. हात कुठे जातो, कुठे थांबतो, माणूस कोणाकडे वळून विचारतो, कागद उलटासुलटा करतो का, हे लिहून ठेवा. मत लिहू नका. "गोंधळल्या" असं न लिहिता "दोनदा उलटं केलं, मग नातवाकडे दिलं" असं लिहा.

सगळ्यात मोलाच्या असतात त्या लोकांनी स्वतःच शोधलेल्या युक्त्या. आम्ही घरी गेलो तेव्हा एका बाईंनी सकाळची गोळी चहापत्तीच्या डब्याशेजारी आणि रात्रीची उशाखाली ठेवलेली दिसली. एका घरात मुलाने स्केचपेनने स्ट्रिपवर लाल आणि निळी रेघ मारली होती. एका काकांनी रात्रीच्या स्ट्रिपला रबरबँड लावला होता, म्हणजे अंधारातही हाताला कळावं. तुमचं निम्मं डिझाइन या युक्त्यांत तयार असतं.

आता विचारण्याबद्दल. "कळलं का?" या प्रश्नाला आपल्याकडे "हो" हे उत्तर ठरलेलं आहे. मागे रांग असते, समोरचा शिकलेला असतो, नाही म्हणायला संकोच वाटतो. तो होकार म्हणजे शिष्टाचार समजा. त्याऐवजी "घरी गेल्यावर काय कराल ते मला करून दाखवा" असं म्हणा. २००६ साली अमेरिकेत झालेल्या एका अभ्यासात "दोन गोळ्या दिवसातून दोनदा" अशी सूचना रुग्णांना वाचायला दिली होती. ज्यांचं वाचन कच्चं होतं अशांपैकी सुमारे ७१ टक्के लोकांनी ती बरोबर सांगितली. पण दिवसभराच्या गोळ्या मोजून दाखवा म्हटल्यावर जेमतेम ३५ टक्के लोकांना ते जमलं. वाचता येणं आणि करता येणं यांत एवढं अंतर पडतं, आणि ते अंतर प्रश्नावलीत कधीच दिसत नाही.

"नेहमी काय करता?" हेही विचारू नका. लोक मग आदर्श दिनक्रम सांगतात. "काल रात्रीची गोळी कधी घेतली, तेव्हा कुठे बसला होता?" असं विचारा.

हे सगळं करताना परवानगी घ्या. डॉक्टरांच्या चिठ्ठीचा फोटो काढू नका, वहीत नाव लिहू नका. माणूस आजारी आहे आणि तुम्ही त्याच्या घरात पाहुणे आहात.

पायरी ३: अडतंय नेमकं कुठे ते ठरवा

ही पायरी घाईत उरकली तर पुढचं सगळं वाया जातं, म्हणून इथे जरा थांबतो.

मुंबईत हार्बर मार्गावर वडाळा स्टेशनजवळ लोक रूळ ओलांडताना मरत. रूळ ओलांडणं धोक्याचं आहे हे मुंबईत कोणाला ठाऊक नाही? घोषणा होत्या, पाट्या होत्या, दंड होता. २००९-१० च्या सुमारास फायनलमाइल या मुंबईच्याच संस्थेने रेल्वेबरोबर तिथे काम केलं, तेव्हा त्यांनी वेगळाच प्रश्न विचारला: ओलांडणाऱ्याला त्या क्षणी दिसतं काय, ऐकू येतं काय? मोठी वस्तू आपल्याकडे येत असली की तिचा वेग आपल्याला खऱ्यापेक्षा कमी वाटतो. डोळ्यांची ठेवणच तशी आहे. लोकलचा अंदाज म्हणूनच चुकतो. त्यांनी रुळांखालच्या आडव्या पट्ट्या, म्हणजे स्लीपर, ठरावीक अंतरावर पिवळे रंगवून घेतले, म्हणजे गाडी एकेक पिवळा पट्टा गिळत येताना वेग कळतो. मोटरमनने एक लांबलचक शिट्टी देण्याऐवजी दोन तुटक शिट्ट्या द्यायच्या असं ठरलं, कारण मधल्या शांततेने कान टवकारतात. आणि नेहमीच्या सूचनाफलकाच्या जागी गाडीखाली सापडणाऱ्या माणसाचा भेदरलेला चेहरा मोठ्या फोटोत लावला. तिथले मृत्यू त्यानंतरच्या महिन्यांत घटल्याचं रेल्वेच्या अधिकाऱ्यांनी सांगितलं होतं.

लोकांना कळत नाही असं समजून वर्षानुवर्षं समजावणं चाललं होतं. अडत होतं ते दिसण्यात.

तुमच्या कृतीसाठी हेच तपासा. त्याला ते दिसलं का? दिसलं, तर अर्थ लागला का? अर्थ लागला, तर योग्य वेळी आठवलं का? आठवलं, तर हाताला जमलं का, की झाकण घट्ट होतं, अक्षर बारीक होतं, पैसे नव्हते? आणि सगळं जमत असूनही नको वाटलं का? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर लोक सहज देत नाहीत. एका ताईंना चारचौघांत गोळी काढायची लाज वाटायची, कारण शेजारणीने विचारलं तर सांगावं लागेल. तिथे तुम्ही सूचना कितीही मोठ्या अक्षरात छापा, उपयोग नाही.

आमच्या आजींचं अडत होतं ते अर्थात आणि थोडं दिसण्यात. '१-०-१' ही डॉक्टर आणि मेडिकलवाल्यांची आपापसातली खूण आहे. तिच्यात सकाळ कुठे आहे, रात्र कुठे आहे, हे शिकवल्याशिवाय कोणालाच दिसणार नाही.

इथे एक सावधगिरी. मानसशास्त्रातले गाजलेले निष्कर्ष उचलून थेट चिकटवायचा मोह होतो, तो टाळा. "माणसाला सात गोष्टीच लक्षात राहतात, म्हणून मेनूत सातच पर्याय ठेवा" हे तुम्हीही ऐकलं असेल. मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांचा १९५६ चा तो निबंध क्षणभर डोक्यात धरून ठेवण्याबद्दल होता. समोर छापलेल्या मेनूतलं काही लक्षात ठेवावंच लागत नाही, तेव्हा तो आकडा तिथे लागू होत नाही. दुसरं उदाहरण अर्जांचं. फॉर्मच्या शेवटी घेण्याऐवजी सुरुवातीलाच सही घेतली की लोक खरी माहिती भरतात, असा २०१२ मधला शोधनिबंध खूप गाजला. त्यातला एक डेटा बनावट निघाला आणि २०२१ मध्ये तो निबंध मागे घेतला गेला. वाचा भरपूर, पण वाचलेलं तुमच्या काउंटरवर, तुमच्या माणसांसोबत पडताळून पाहा.

पायरी ४: उपाय निवडताना समजावणं सगळ्यात शेवटी ठेवा

मी एक क्रम पाळतो. आधी बघायचं, ती अवघड गोष्ट माणसाला करावीच लागणार नाही असं जमतं का. मग, चूक होऊच नये अशी रचना करता येते का. मग, खूण हात जातो तिथेच ठेवता येते का. मग, झालं की नाही हे लगेच कळेल असं काही. त्यानंतर आठवण करून देणं. आणि सगळं संपल्यावर, समजावून सांगणं.

पहिल्या प्रकारचं मला सर्वांत आवडणारं उदाहरण सरकारी कुटुंब नियोजन कार्यक्रमातल्या माला-डी आणि माला-एन या गोळ्यांचं. पाकिटात २८ गोळ्या असतात. संप्रेरकाच्या २१, आणि उरलेल्या ७ लोहाच्या. औषध म्हणून पाहिलं तर २१ दिवस गोळी आणि ७ दिवस खंड, एवढंच पुरतं. पण मग बाईला सात दिवस मोजायचे आणि आठव्या दिवशी आठवणीने सुरू करायचं, हे ओझं येतं. त्या सात गोळ्यांनी मोजणंच काढून टाकलं. नियम एकच उरला, रोज एक. शिवाय लोह पोटात जातं, ते वेगळंच. ज्याने हे ठरवलं त्याने बाईचा दिवस कसा जातो याचा विचार केला होता.

दुसऱ्या प्रकाराला एटीएम. आधी पैसे आणि मग कार्ड मिळालं तर लोक पैसे घेऊन चालू लागतात, कारण आले त्या कामापुरतं डोकं मोकळं झालेलं असतं. म्हणून बहुतेक यंत्रं आधी कार्ड परत करतात आणि मग नोटा देतात. कुठलीही सूचना न लावता विसरणं थांबतं.

लगेच कळण्याचं उदाहरण मतदान केंद्रावर आहे. बटण दाबल्यावर दिवा लागतो, बीप वाजते आणि व्हीव्हीपॅटच्या काचेतून चिन्ह असलेली चिठ्ठी ७ सेकंद दिसते. किराणा दुकानातला "अमुक रुपये प्राप्त झाले" म्हणणारा छोटा स्पीकरही तेच काम करतो. दुकानदाराचे हात पिठात असतात, तो फोन बघत बसू शकत नाही.

या क्रमाने आम्ही पाकिटाकडे पाहिलं, तेव्हा '१-०-१' मोठ्या अक्षरात छापायचा पहिला विचार बाजूला पडला. खूण समजून घ्यायची गरजच का पडावी? मग एका पाकिटाऐवजी वेळेनुसार तीन पाकिटं करायचं ठरलं. दोन वेळची गोळी असेल तर स्ट्रिपचा तुकडा दोन पाकिटांत वाटून टाकायचा. सकाळी सकाळचं पाकीट उघडायचं, आत जेवढे तुकडे आहेत त्या प्रत्येकातली एक गोळी घ्यायची. मोजणं नाही, वाचणं नाही. अर्ध्या किंवा दोन गोळ्यांची वेळ असेल तर मात्र हे पुरत नाही, तिथे फार्मासिस्टने समोर बसवून दाखवावंच लागतं.

गोळ्या स्ट्रिपबाहेर काढून सुट्या टाकू नका, हेही इथेच सांगतो. दमट हवेत कित्येक गोळ्या खराब होतात आणि नाव-मुदत कळण्याचा मार्ग बंद होतो. कापतानाही नाव आणि मुदत असलेला कोपरा एखाद्या तुकड्यावर राहील असं कापायला सांगा. औषधाच्या बाबतीत कुठलाही बदल डॉक्टर आणि फार्मासिस्ट यांना दाखवल्याशिवाय रुग्णाच्या हाती जाऊ द्यायचा नाही.

पायरी ५: कच्चा नमुना करा आणि तो मोडू द्या

पहिला नमुना पेन्सिलीने करा. नीटनेटका छापील नमुना पाहिला की लोक तो बिघडला आहे असं म्हणायला कचरतात.

आमच्या पहिल्या पाकिटांवर सूर्य आणि चंद्र होते. सकाळसाठी अर्धा सूर्य, दुपारसाठी पूर्ण, रात्रीसाठी चंद्रकोर. आम्हाला ते अगदी उघड वाटत होतं. पाच जणांना दाखवलं. दोघांनी अर्ध्या सूर्याला मावळतीचा म्हटलं आणि ते बरोबरच होतं, चित्रात उगवतीचं काय होतं? आम्ही घरांत पाहिलेल्या युक्त्यांकडे परत गेलो. चहापत्तीचा डबा, उशी. नव्या पाकिटांवर कपबशी, जेवणाचं ताट आणि अंथरूण आलं. रोज घडणाऱ्या गोष्टीला गोळी बांधली की घड्याळ बघावं लागत नाही. रात्रपाळी करणाऱ्या वॉचमन काकांनाही ते चाललं, कारण त्यांचं अंथरूण सकाळी पडतं.

चाचणी घेताना काही गोष्टी कटाक्षाने पाळा. घरची माणसं आणि मित्र नकोत, ते तुमचं मन राखतात. काम सांगा, "आता रात्र झाली आहे, गोळी काढा," आणि मग गप्प बसा. हात मागे बांधा. समोरचा अडला की मदत करावीशी वाटते, तरी मनात दहापर्यंत मोजा. तो अडलेला क्षण पाहायलाच तुम्ही गेला आहात. "ही परीक्षा कागदाची आहे, तुमची नाही" हे आधीच सांगा, नाहीतर माणसं घाबरतात. "चित्र कसं वाटलं?" हे विचारायची गरज नाही. सगळ्यांना छानच वाटतं.

किती जण पुरतात? वस्तू वापरायला किती सोप्या आहेत याचा अभ्यास करणारे याकोब निल्सन यांनी मांडलेला हिशेब असा: एका माणसाकडून सरासरी ३१ टक्के अडचणी उघड होत असतील, तर पाच जणांत सुमारे ८५ टक्के सापडतात. तो ३१ चा आकडा प्रत्येक वस्तूला तसाच पडत नाही. पण पंधरा जणांना एकदम बोलावण्यापेक्षा पाच जण, दुरुस्ती, पुन्हा पाच नवे जण, दुरुस्ती, असं तीनदा करणं फार लाभाचं असतं.

देवनागरीत छापणार असाल तर वर-खाली मात्रा आणि उकारांना जागा लागते, म्हणून ओळींमध्ये अंतर जास्त ठेवा. बारीक टाइपात जोडाक्षरं आधी बुजतात. "दिवसातून दोनदा" असं मोघम न लिहिता "सकाळी १, रात्री १" लिहा.

आणि आणखी एक माणूस आहे, जो आम्ही सुरुवातीला विसरलो होतो. पाकिटं तयार झाली, रुग्णांना जमली, आणि पंधरा दिवसांनी गेलो तर गठ्ठा कपाटात तसाच. संध्याकाळी सातच्या गर्दीत दादाला तीन वेगळी पाकिटं शोधायला वेळच नव्हता. त्याची तक्रार योग्य होती. मग तिन्ही पाकिटं एकाला एक जोडून फाडता येतील असा पॅड केला आणि कात्री जिथे दोरीला टांगलेली असते त्याच खिळ्याला अडकवला. कात्री घ्यायला हात गेला की पाकीट हाताला लागतं. तेव्हापासून ती वापरली जाऊ लागली. तुमची वस्तू रुग्णाआधी, ग्राहकाआधी, अर्जदाराआधी ज्या हातांतून जाते, त्या हातांसाठीही पायरी १ चं वाक्य लिहा.

पायरी ६: आधी मोजा, मग बदला

बदल करण्याआधीची स्थिती मोजून ठेवली नाही तर नंतर फक्त कौतुक गोळा करता येतं. आम्ही पुढच्या महिन्याची औषधं न्यायला आलेल्यांना उरलेल्या गोळ्या दाखवायला सांगायचो. जास्त उरल्या तर चुकल्या, वेळेआधी संपल्या तर दोनदा घेतल्या. दोन्ही नोंदवायच्या.

मोजमाप नेमकं कशाचं होतंय याचं भान ठेवा. क्षयरोगाच्या औषधांसाठी भारतात ९९डॉट्स ही पद्धत आली. स्ट्रिपवर कागदी आवरण असतं, गोळी दाबून काढली की आत लपलेला फोन नंबर दिसतो आणि रुग्ण त्यावर फुकट कॉल करतो. कल्पना सुंदर आहे आणि स्वस्तही. पण फोन आला म्हणजे गोळी स्ट्रिपबाहेर आली एवढंच कळतं, ती पोटात गेली का हे कळत नाही. उरलेल्या गोळ्या मोजण्यातही हीच उणीव आहे. म्हणून अधूनमधून घरी जाऊन बघावंच लागतं.

पायरी ७: हे त्या माणसाला तोंडावर सांगता येईल का?

सवयी ओळखून वस्तू घडवता येते, तशी त्या सवयींचा फायदा घेऊन माणसाला लुबाडताही येतं. तिकिटाबरोबर न मागता जोडलेला विमा, "फक्त २ शिल्लक" अशी खोटी घाई, वर्गणी रद्द करायला एकामागून एक सहा स्क्रीन. ३० नोव्हेंबर २०२३ रोजी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने अशा १३ फसव्या रचनांची यादी करून त्यांवर बंदी आणणारी मार्गदर्शक तत्त्वं काढली. नोकरीत तुम्हाला कोणी असं काही बनवायला सांगितलं तर ही यादी हाताशी असू द्या. "मला योग्य वाटत नाही" यापेक्षा "नियमात बसत नाही" हे नवख्या माणसालाही ठामपणे म्हणता येतं.

यादीत नसलेल्या गोष्टींसाठी मी एक प्रश्न विचारतो. "आजी, हे असं का केलं माहितीये?" असं म्हणून मी खरं कारण सांगू शकतो का? ताटाचं चित्र का आहे हे सांगता येतं. रद्द करायचं बटण फिकट का आहे, हे सांगता येईल का?

सध्या आम्ही आठवड्यातून एकदाच घ्यायच्या गोळीवर अडलो आहोत. संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदा देतात, आणि ती चुकून रोज घेतली तर जिवावर बेतू शकतं. तीन पाकिटांची पद्धत इथे उलट धोक्याची, कारण ती रोजची सवय लावते. म्हणून ही गोळी त्या पॅडमध्ये टाकायचीच नाही असं ठरवलं. तिच्यासाठी वेगळ्या आकाराचं, वेगळ्या रंगाचं पाकीट केलं आहे आणि त्यावर "आठवड्यातून एकदा" असं न छापता वार लिहायला मोकळी चौकट सोडली आहे. वार फार्मासिस्ट रुग्णाला विचारून स्वतःच्या हाताने लिहितो. पहिल्या पाच जणांतल्या तिघांनी बाजाराचा वार सांगितला. पुढच्या पाच जणांकडे या रविवारी जायचं आहे.